पिंपरीचे पेनिसिलीन: शीतयुद्धातला एक सौदा

शीतयुद्ध म्हटले की मराठी वाचकाला दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागराकडे निघालेले अमेरिकेचे सातवे आरमार. आणि दुसरी, ७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली ती अमेरिकन लाल मिलो ज्वारी. पहिल्या आठवणीत धाक आहे, दुसरीत मिंधेपणाची बोच. कम्युनिझमशी चाललेल्या दीर्घ स्पर्धेत अमेरिकेने भारताशी कसे वर्तन केले याचा आपला हिशेब बहुधा या दोन टोकांवरच संपतो. या हिशेबात पिंपरी कुठेच नसते. पुणे-मुंबई रस्त्याच्या कडेला १९५४ साली उभी राहू लागलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, म्हणजे पिंपरीकरांची ‘एचए’, ही नेहरूकालीन सार्वजनिक क्षेत्राच्या प्रकरणात एका ओळीत उरकली जाते किंवा पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाढीच्या कहाणीत पहिल्या परिच्छेदापुरती येते. पण शीतयुद्धात तंत्रज्ञान कोणाला, कोणत्या अटीवर आणि केव्हा मिळत असे, हे पाहायचे तर या कारखान्याइतके स्वच्छ उदाहरण महाराष्ट्रात तरी दुसरे नाही. त्यातून निघणारा निष्कर्ष ना अमेरिकेच्या चाहत्यांना रुचेल ना रशियाच्या: पिंपरीला जे मिळाले ते कोणाच्या औदार्यामुळे नव्हे, तर समोरच्याला दुसरा देणारा दिसू लागला म्हणून मिळाले, आणि जिथे तो दिसला नाही, तिथे मिळाले नाही.

यासाठी आधी पेनिसिलीन ही त्या काळी काय चीज होती ते पाहायला हवे. फ्लेमिंगचा शोध १९२८ चा, त्याचे औषध केले ऑक्सफर्डमधल्या फ्लोरी आणि चेन यांनी. पण टनावारी उत्पादन शक्य झाले ते महायुद्धाच्या काळात अमेरिकेत. पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत मक्याच्या स्टार्च उद्योगातून उरणारा द्राव बुरशीचे खाद्य म्हणून वापरला गेला, मोठ्या टाक्यांत हवा खेळवून बुरशी वाढवण्याचे तंत्र बसवले गेले, आणि मर्क, फायझर, स्क्विब या कंपन्यांनी ते कारखान्यात उतरवले. बुरशीची जात आणि टाकी एवढ्यावर मात्र काम भागत नाही. आम्ल द्रावात पेनिसिलीन झपाट्याने नासते, म्हणून ते काही मिनिटांत दुसऱ्या द्रावणात ओढून घ्यावे लागते. हे काम सर्वांत चोख करणारे केंद्रोत्सारी यंत्र शिकागोच्या पोडबिएल्नियाक कंपनीचे होते. युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या ‘अनरा’ या मदत संघटनेने इटली, युगोस्लाव्हिया, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, युक्रेन आणि बेलारूस यांना पेनिसिलीनचे कारखाने देऊ केले. तोवर वारे फिरले. अमेरिकेने पूर्व युरोपकडे जाणाऱ्या मालावर निर्यात परवान्यांचे कुंपण घातले आणि हे यंत्र त्या कुंपणाआड अडकले. टाक्या आल्या, इमारती झाल्या, पण नेमका तो एक दुवा नाही, अशी त्या कारखान्यांची गत झाली. जागतिक आरोग्य संघटनेत यावरून खडाजंगी झाली. १९४९ च्या आरंभी सोव्हिएत युनियन, युक्रेन आणि बेलारूस संघटनेतून बाहेर पडले, पाठोपाठ त्यांच्या गटातले इतर देशही. त्याच्या आदल्या वर्षी, पेनिसिलीनचे ज्ञान मिळवण्यासाठी ब्रिटनला पाठवलेला निकोलाय बोरोदिन हा सोव्हिएत शास्त्रज्ञ मायदेशी परतायला नकार देऊन तिकडेच राहिला होता. औषध हे त्या वर्षांत पोलादाइतकेच परराष्ट्र धोरणाचे साधन होते, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

भारताला नेमके याच वेळी पेनिसिलीन हवे होते. पेनिसिलीन आयातीचे होते, परकीय चलन मोजके होते, आणि परदेशी कंपन्यांशी चाललेल्या वाटाघाटी अटींवर अडत होत्या. कंपन्यांना भारतात माल विकायचा होता, बाटल्या भरायच्या होत्या. किण्वनाचे, म्हणजे बुरशी वाढवून औषध काढण्याचे, मूळ ज्ञान द्यायचे नव्हते. या कोंडीतून वाट काढणाऱ्यांत एक नाव मुंबईचे म्हणावे लागेल: मेजर जनरल साहिबसिंग सोखी. परळच्या हाफकिन संस्थेचे ते दीर्घकाळ संचालक होते आणि १९५० ते १९५२ या काळात जागतिक आरोग्य संघटनेचे सहायक महासंचालक. औषधनिर्मिती ही नफेखोरांच्या हाती राहू नये, हे त्यांचे ठाम मत. १९५१ मध्ये भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्यात करार झाला. युनिसेफने सुमारे साडेआठ लाख डॉलरची यंत्रसामग्री द्यायची, आरोग्य संघटनेने साडेतीन लाख डॉलरच्या आसपास तांत्रिक साहाय्य. बाकीचा खर्च आणि जमीन भारताची. अटी पाहा: कारखाना सरकारी असावा, ज्ञान कोणापासून लपवू नये, इतर देशांच्या तंत्रज्ञांना इथे शिकता यावे, आणि मदतीच्या मोबदल्यात औषध बालकांसाठी व मातांसाठी मोफत दिले जावे. अमेरिकन औषध कंपनीने अशा कागदावर सही केली नसती. आणि तरीही या कागदामागचा पैसा मोठ्या प्रमाणात अमेरिकन होता, कारण त्या काळी युनिसेफचा सर्वांत मोठा देणगीदार अमेरिकाच होता आणि तिचे कार्यकारी संचालक मॉरिस पेट हे अमेरिकन. जे ज्ञान अमेरिकन उद्योग विकायला तयार नव्हता, त्या ज्ञानाचा सरकारी कारखाना अमेरिकन करदात्याच्या पैशाने पिंपरीत उभा राहणार होता. अमेरिकेचे परराष्ट्र धोरण म्हणजे एकाच डोक्यातून निघालेला बेत, असे मानणाऱ्याला इथेच अडखळायला होते.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. १९५१ मध्ये सोव्हिएत युनियन बिगरकम्युनिस्ट देशांना मदत देतच नव्हता. स्टॅलिन हयात होता आणि नेहरूंबद्दल मॉस्कोचे मत फारसे बरे नव्हते. मग स्पर्धा कुठली? ही तर संयुक्त राष्ट्रांची निखळ मानवतेची योजना. योजनेत मानवता होती हे नाकारायचे कारण नाही. सोखी किंवा पेट यांच्या हेतूंवर शंका घेण्याचेही नाही. पण काळ लक्षात घ्या. १९४९ साली चीन कम्युनिस्टांच्या हाती गेला. त्याच वर्षी ट्रुमन यांनी मागास देशांना तांत्रिक मदत देण्याचा आपला चौथा मुद्दा जाहीर केला. जून १९५१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बऱ्याच कुरबुरीनंतर भारताला १९ कोटी डॉलरचे गव्हाचे कर्ज मंजूर केले, आणि जानेवारी १९५२ मध्ये राजदूत चेस्टर बोल्स यांनी दिल्लीत ५ कोटी डॉलरच्या तांत्रिक सहकार्याचा करार केला. भारत चीनच्या वाटेने गेला तर काय, ही भीती बोल्स जाहीरपणे बोलून दाखवत. आरोग्य संघटनेपुढचा पेच तर याहून थेट होता: पेनिसिलीनच्या प्रश्नावरून एक गट रागावून निघून गेल्यावर, आपण केवळ श्रीमंत देशांची हस्तक नाही हे तिला दाखवायचे होते. कम्युनिस्ट नसलेला, गरीब, मोठा आणि कोणाच्याही दावणीला न बांधलेला देश यासाठी सोयीचा होता. सोव्हिएत मदत तेव्हा हजर नव्हती, पण सोव्हिएत आरोप हजर होता. माझ्या मते १९५१ च्या कराराला तेवढा पुरेसा झाला. सोखी यांना १९५३ चे स्टॅलिन शांतता पारितोषिक मिळाले, हे वॉशिंग्टनच्या नजरेतून कसे दिसले असेल याची कल्पना करता येते. पण तोवर करार झालेला होता.

हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी मार्च १९५४ मध्ये नोंदली गेली. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची छावणी वसलेले पिंपरी तेव्हा खेडेच होते. जवळ रेल्वे होती, मुंबईचा रस्ता होता, आणि पुण्यात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झालेली होती. १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. आता याच सुमारास अमेरिकेचा दुसरा हात काय करत होता ते पाहिले पाहिजे. मे १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी परस्पर संरक्षण साहाय्याचा करार केला. शस्त्रे कम्युनिझमविरुद्ध म्हणून दिली जात होती, पण ती कोणाविरुद्ध वापरली जातील हे दिल्लीला सांगावे लागत नव्हते. परराष्ट्रमंत्री डलेस यांनी १९५६ साली तटस्थता ही कालबाह्य आणि अपवाद वगळता अनैतिक कल्पना असल्याचे जाहीर केले. म्हणजे ज्या देशाच्या पेनिसिलीनच्या टाक्यांत अमेरिकन पैसा होता, त्याच देशाच्या धोरणाला अमेरिकन परराष्ट्रमंत्री अनैतिक म्हणत होता. सोव्हिएत नेतृत्वाने ही फट ओळखली. फेब्रुवारी १९५५ मध्येच भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता आणि वर्षाअखेर बुल्गानिन व ख्रुश्चेव भारतभर हारतुरे स्वीकारत फिरले.

पिंपरीच्या दृष्टीने खरी कसोटी यानंतर आली, आणि ती पेनिसिलीनची नव्हे, स्ट्रेप्टोमायसीनची. क्षयावरचे हे पहिले प्रभावी औषध अमेरिकेत रटगर्स विद्यापीठात वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडले आणि मर्कने ते कारखान्यात आणले. क्षयाने गांजलेल्या भारताला ते पेनिसिलीनपेक्षाही तातडीने हवे होते. एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरण ठरावाने प्रतिजैविके आणि आवश्यक औषधे ही राज्याने हळूहळू हाती घ्यायच्या उद्योगांत मोडली. त्याच सुमारास सोव्हिएत तज्ज्ञ औषध उद्योगाची पाहणी करू लागले आणि संपूर्ण साखळीच उभारून देण्याचा प्रस्ताव पुढे आला: प्रतिजैविके, संश्लेषित औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे. अटी सौम्य, कर्ज स्वस्त, कारखाना सरकारी. आणि मग, ज्या अमेरिकन उद्योगाला सरकारी कारखान्याला ज्ञान देणे आजवर जड जात होते, त्यातलीच मर्क १९५८ मध्ये स्ट्रेप्टोमायसीनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सशी करार करून बसली. त्याच वर्षी तिने टाटांबरोबर आपली भारतीय कंपनीही काढली. मे १९५९ मध्ये सोव्हिएत करारही झालाच, ८ कोटी रुबलच्या कर्जाचा. त्यातून १९६१ मध्ये इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स ही कंपनी निघाली आणि ऋषिकेश, हैदराबाद व मद्रास येथे तिचे कारखाने उभे राहिले. पिंपरीत स्ट्रेप्टोमायसीनचा विभाग १९६२ मध्ये सुरू झाला. गिऱ्हाइकाने शेजारच्या गाळ्यावर भाव विचारला की पहिल्या विक्रेत्याचा आवाज नरम होतो, हे मंडईत कोणालाही ठाऊक असते. इथेही तेच झाले.

यावर कोणी म्हणेल, मर्क आली ती भारताच्या बाजारासाठी. तिला मॉस्कोशी काय देणेघेणे? बाजार हे कारण होतेच. पण बाजार १९५० मध्येही होता आणि क्षयरोगीही होते. बदलली ती एकच गोष्ट: भारताला औषधउद्योगाची संपूर्ण साखळी दुसरीकडून मिळण्याची शक्यता. तसे झाले तर बाजारच हातचा जाणार होता. म्हणजे बाजाराचा युक्तिवाद आणि स्पर्धेचा युक्तिवाद वेगळे नाहीतच. स्पर्धेमुळेच बाजाराची किंमत कंपनीला कळली. या कथेत वॉशिंग्टनच्या हुकमाने मर्क आली असा पुरावा शोधण्याचीही गरज नाही. शीतयुद्धाने कंपन्यांना हुकूम दिले नाहीत. त्याने त्यांचे गणित बदलले.

हे गणित सगळीकडे तसेच सुटले असते तर माझा मुद्दा संशयास्पद ठरला असता. बोकारोचा पोलाद कारखाना हे उलट उदाहरण आहे आणि म्हणून उपयोगी. तिथेही सोव्हिएत युनियन भिलाईच्या रूपाने डोळ्यांसमोर होता, अध्यक्ष केनेडी अनुकूल होते, राजदूत गॉलब्रेथ यांनी तर हा प्रकल्प मनावर घेतला होता. तरीही १९६३ मध्ये परकीय मदतीचा आढावा घेणाऱ्या क्ले समितीने सरकारी मालकीच्या, खासगी उद्योगाशी स्पर्धा करणाऱ्या कारखान्यांना मदत देऊ नये असा सूर लावला, अमेरिकन काँग्रेसमध्ये विरोध पेटला, आणि केनेडींची अडचण पाहून नेहरूंनी विनंती मागे घेतली. बोकारो शेवटी सोव्हिएत मदतीने झाले. फरक कुठे पडला? बोकारोसाठी लागणारा पैसा काँग्रेसने उघडपणे, भारताच्या सरकारी पोलाद कारखान्यासाठी म्हणून, मतदानाने द्यायचा होता. पिंपरीचा पैसा युनिसेफच्या देणगीत मिसळून आला आणि स्ट्रेप्टोमायसीनचे ज्ञान एका खासगी कंपनीच्या करारातून आले. दोन्ही वेळा काँग्रेसपुढे ‘समाजवादाला मदत’ असा प्रश्न उभाच राहिला नाही. अमेरिकेत कम्युनिझमविरोध हे केवळ परराष्ट्र धोरण नव्हते, ते घरगुती राजकारणही होते. आणि जिथे या दोहोंची टक्कर झाली तिथे बहुतेक वेळा घरगुती राजकारण जिंकले. अमेरिकेचे आपल्याशी वर्तन लहरी वाटते ते बरेचसे यामुळे.

आता सर्वांत कडक आक्षेप: इतका सौदा करून मिळवले काय? एचए पुढे आजारी पडली, ऋषिकेशची तर दशा त्याहून वाईट. मग ही सगळी सौदेबाजी पांढरा हत्ती पोसण्यासाठी होती का? या आक्षेपात निम्मे सत्य आहे. स्पर्धेमुळे मिळाली ती त्या त्या वेळची प्रक्रिया. ती सतत सुधारत नेण्याची सवय कोणताही करार देत नाही. प्रतिजैविकांच्या धंद्यात सगळा खेळ सूक्ष्मजीवाच्या वाणाचा असतो. जास्त उतारा देणारा वाण प्रतिस्पर्ध्याकडे आला की कालचा कारखाना आज महाग ठरतो, आणि पिंपरीला पुढे जास्त उताऱ्याच्या वाणासाठी जपानच्या तोयो जोझो कंपनीकडे जावे लागले. सरकारी नियुक्त्या, ठरवून दिलेल्या किमती आणि गुंतवणुकीला होणारा उशीर यांचा दोष मॉस्को किंवा वॉशिंग्टनवर ढकलता येत नाही. पण उरलेले निम्मे सत्यही सांगितले पाहिजे. पिंपरीच्या प्रयोगशाळेत थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवांतून हमायसीन हे बुरशीनाशक औषध शोधले. त्याच्या नावात ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ची अक्षरे आहेत. शेतीसाठीचे ऑरिओफंजिन हेही तिथलेच. मागून आणलेल्या प्रक्रियेवर चालणाऱ्या कारखान्यातून नवे रेणू निघाले, ही गोष्ट त्या काळच्या भारतात सामान्य नव्हती. १९६१ मध्ये अमेरिकन सिनेटच्याच केफॉव्हर समितीने औषधांच्या किमतीत भारत जगातल्या सर्वांत महाग देशांत मोडतो असे नोंदवले. पेटंट कायद्याच्या फेररचनेवरचा अय्यंगार अहवाल त्याआधीच आला होता, पण तिथून १९७० च्या पेटंट कायद्यापर्यंतच्या पुढच्या वाटचालीला या निरीक्षणाचा आधार मिळाला. औषध आपण स्वतः बनवू शकतो, हे पिंपरीत दिसलेले नसते तर पदार्थावर पेटंट न देण्याची हिंमत दिल्लीने केली असती का, याची मला शंका आहे.

पिंपरी-चिंचवडचा पुढचा विस्तार वेगळ्याच हातांनी झाला. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि आकुर्डी, चिंचवड, भोसरी या भागात बजाज, टेल्को, स्वीडिश भागीदारीच्या एसकेएफ व सँडविक, जर्मन तंत्राची बजाज टेम्पो अशी खासगी अभियांत्रिकीची रांग लागली. सोव्हिएत मदतीचे मोठे कारखाने भिलाई, बोकारो, ऋषिकेश, हैदराबाद असे दूर राहिले. वाहनांच्या या गजबजाटात औषधाचा कारखाना मागे पडत गेला, आणि १९९१ मध्ये सोव्हिएत युनियन कोसळल्यावर त्याची सौद्यातली ताकदही संपली. दुसरा देणारा उरला नाही. व्यापार खुला झाला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९९७ मध्ये आजारी उद्योगांच्या यादीत गेली, आणि पेनिसिलीन-जी हा मूळ पदार्थ चीनहून इतक्या स्वस्तात येऊ लागला की नव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्याचे भारतातले किण्वन जवळजवळ बंद पडले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कंपनीची जास्तीची जमीन विकण्याचा आणि नंतर कंपनीच विकायला काढण्याचा निर्णय घेतला.

चीनचे पेनिसिलीन कुठून आले, हे पाहिले तर पिंपरीची गोष्ट अधिक बोचते. उत्तर चीनमधल्या शिजियाझुआंग इथला प्रचंड प्रतिजैविक कारखाना सोव्हिएत मदतीच्या १५६ प्रकल्पांपैकी होता. बांधकाम १९५३ मध्ये सुरू झाले, उत्पादन १९५८ मध्ये. म्हणजे पिंपरी आणि शिजियाझुआंग ही एकाच दशकाची, एकाच स्पर्धेच्या दोन बाजूंची अपत्ये. चीनचे सोव्हिएतांशी १९६० मध्ये फाटले, तज्ज्ञ परत गेले, तरी तिथे उत्पादन आणि वाण वाढवत नेण्याचे काम थांबले नाही. त्यांना सौदा करायला दुसरा देणारा नव्हता. आपल्याला होता, आणि त्या सोयीचा आपल्याला थोडा जास्तच आधार वाटला. अमेरिकेने चाळीस वर्षे ज्याची धास्ती घेतली तो कम्युनिस्ट शेवटी पिंपरीपर्यंत पोहोचला तो पुस्तिका वा बंदुका घेऊन नव्हे, तर कमी भावाचे पिंप घेऊन.

या पट्ट्यात आज चीनबद्दलची सावधगिरी आहे, पण ती मोटारींच्या बाबतीत दिसते. चाकणपासून जवळच तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना विकत घेण्याचे चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. गलवानच्या सीमा-चकमकीनंतर मंजुरी अडकली, २०२२ मध्ये व्यवहार मोडला आणि कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. पेनिसिलीन-जीची चिनी आयात मात्र त्या सर्व काळात चालूच राहिली. केंद्र सरकारने २०२० मध्ये औषधांच्या मूळ घटकांसाठी ६,९४० कोटी रुपयांची उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणली, आणि तिच्या आधारे देशात पेनिसिलीन-जीचे मोठे किण्वन २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाले. ते सुरू झाले आंध्र प्रदेशात, काकीनाड्याजवळ, एका खासगी कंपनीच्या कारखान्यात.